जाळीचे बूट, जुना साचा आणि दहा हजार रुपये

बाजाराचा साधा नियम असा की माल जुना झाला की त्याचा भाव उतरतो. दुकानदार गेल्या वर्षीचा माल पुढे मांडतो, वर 'सेल'ची पाटी लावतो आणि गुंतलेले पैसे मोकळे करतो. परंतु बुटांच्या धंद्यात सध्या याच्या नेमके उलट चाललेले दिसते. वीस-तीस वर्षांपूर्वी निघालेले धावण्याचे बूट त्याच साच्यात, त्याच रंगांत पुन्हा तयार होतात आणि आजच्या नव्या बुटांच्या बरोबरीने, कधी त्यांच्याहूनही चढ्या भावाने विकले जातात. या प्रकाराला 'रेट्रो' असे नाव आहे. त्यातही अप्परला जाळी आणि हवा खेळण्यासाठी झरोके असलेल्या बुटांना तरुणांमध्ये फार मागणी आहे.

हा विषय आमच्यापुढे आला तो आमच्या भाच्यामुळे. तो मुंब्र्याला राहतो, वय बावीस, पार्सले पोचविण्याचे काम करतो. दिवसभर जिने चढणे आणि उतरणे. पाच महिने महिन्याला दोन हजार बाजूला टाकून त्याने दहा हजार रुपये जमविले. मोबाईलमध्ये एका बुटाचे चित्र दाखवून तो म्हणाला, "मामू, हा घेऊ का? उन्हात पाय भाजतात, घामाने मोजे भिजतात. याला खालून-वरून हवा लागते. पण अब्बांना सांगू नका." अब्बांना का सांगायचे नाही, हे आम्हाला ठाऊक होते. त्यांना मधुमेह आहे. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले आहे, तेही चांगले बूट घालून, आणि ते अजून झिजलेल्या सँडलवर चालतात.

प्रश्न एका जोडाचा असला तरी त्यात बरेच काही गुंतलेले आहे. म्हणून भाच्याला त्या दिवशी घाईने उत्तर न देता आम्ही चार दिवस मागून घेतले. त्या चार दिवसांत जो विचार केला, तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हवेशीर बुटाची कल्पना किती जुनी?

पहिली गोष्ट ही की हवेशीर बूट हा काही अलीकडचा शोध नाही. जपानमधील कोबे शहरात किहाचिरो ओनित्सुका यांनी १९४९ साली बुटांचा कारखाना काढला. मॅरेथॉन धावणाऱ्यांच्या पायाला फोड का येतात, याचा त्यांनी शोध घेतला आणि उष्णता व घाम ही कारणे त्यांना सापडली. मोटारसायकलचे इंजिन हवेने थंड होते, मग पाय का होऊ नये, असा विचार करून १९६० च्या सुमारास त्यांनी 'मॅजिक रनर' नावाचा छिद्रांचा बूट काढला. पाऊल टाकताना आतली गरम हवा बाहेर जावी आणि उचलताना थंड हवा आत यावी, अशी ती रचना होती. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकला होता. पुढच्या वर्षी तो जपानात धावण्यास आला, तेव्हा ओनित्सुका यांनी त्याला गाठून आपला बूट घालण्यास राजी केले. व्यापाऱ्याने चिकाटी कशी धरावी याचा हा चांगला धडा आहे.

त्यानंतर १९९० साली रिबॉक कंपनीने 'व्हेंटिलेटर' नावाचा धावण्याचा बूट काढला. वजनाला हलका आणि दोन्ही बाजूंना जाळीचे पट्टे, हे त्याचे वैशिष्ट्य. २००२ साली आदिदासने 'क्लायमाकूल' आणला. त्यात केवळ वरची बाजूच नव्हे, तर सोलमध्येही झरोके होते आणि पायाला चारी बाजूंनी हवा लागते अशी त्याची जाहिरात झाली. व्हेंटिलेटरला पंचवीस वर्षे झाली त्या निमित्ताने २०१५ साली तो पुन्हा बाजारात आला. क्लायमाकूलचा जुना साचाही अलीकडे पुन्हा विक्रीस आला आहे. भाच्याच्या मोबाईलमधला बूट याच जातीचा होता.

कंपन्या जुन्याकडे का वळतात?

व्यापाराच्या दृष्टीने पाहिल्यास याचे कारण उघड आहे. नवा बूट काढायचा तर संशोधन, नमुने, चाचण्या आणि नवे साचे यांवर मोठा खर्च येतो. एवढे करून तो चालेल याची खात्री नसते. जुन्या बुटाचा आराखडा तयार असतो आणि नाव लोकांच्या तोंडी असते. ज्यांनी तो शाळा-कॉलेजात असताना दुकानाच्या काचेतून पाहिला आणि खिशात पैसे नसल्याने घेतला नाही, ते आज चाळिशी-पन्नाशीत कमावते झाले आहेत. त्यांची राहून गेलेली हौस हेच कंपनीचे भांडवल. त्यांच्या अंगावर पाहून मग तरुणही मागे लागतात.

यात गैर काही नाही. आपली वस्तू आपल्या किमतीला विकण्याचा कंपनीला अधिकार आहे. परंतु गिऱ्हाइकानेही आपण नेमके कशाचे पैसे देत आहोत हे ओळखले पाहिजे. रेट्रो बुटाच्या किमतीत चामडे, जाळी, फोम यांचा वाटा असतो आणि आठवणीचाही असतो. आमचा भाचा २००२ साली जन्मलाही नव्हता. तेव्हा तो ज्या आठवणीचे पैसे देणार होता, ती आठवण त्याची नव्हतीच. ती दुसऱ्या कोणाची तरी होती.

जाळीचा उपयोग कोठे आणि किती?

आता खुद्द गुणाकडे वळू. तळपायाला घामाच्या ग्रंथी दाट असतात. बंद बुटात घाम साचला की कातडी मऊ पडते, घासते, फोड येतात, बुरशी धरते आणि वास सुटतो. जाळीतून ही वाफ बाहेर जाते. हा फायदा खरा आहे, जाहिरातीपुरता नाही.

पण तो सर्वत्र सारखा मिळत नाही. घाम सुकण्यासाठी भोवतालची हवा कोरडी लागते. सोलापूर, जळगाव, नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात जाळीचा बूट खरोखर सुखाचा. मुंबई, ठाणे, रत्नागिरीच्या दमट हवेत घाम अंगावरच सुकत नाही, तर बुटात कोठून सुकणार? तेथे जाळीचा लाभ मिळतो, पण पुष्कळ कमी. पावसाळ्यात तर उलट होते. ज्या झरोक्यातून हवा आत येते त्याच झरोक्यातून पाणी, चिखल आणि बारीक खडीही आत येते. सोललाही झरोके असतील तर साचलेल्या पाण्यात एक पाऊल पडले की मोजा भिजलाच. जाळी लवकर सुकते हे खरे, पण ती रात्री घरी. पार्सले पोचविणाऱ्या मुलाला दिवसभर ओल्या पायांनीच फिरावे लागेल. मुंब्र्यात चार महिने पाऊस असतो, हे भाचा विसरला होता.

आणखी एक साधी गोष्ट पुष्कळ लोक विसरतात, ती म्हणजे मोजे. जाड सुती मोजा घाम धरून ठेवतो. दहा हजारांचा हवेशीर बूट घेऊन आत तीस रुपयांचा जाड सुती मोजा घातला तर बुटाचा अर्धा गुण वाया गेला. पातळ, घाम बाहेर सोडणारे मोजे घेतले आणि दुपारी जोडी बदलली, तर साध्या बुटातही पाय बऱ्यापैकी कोरडा राहतो.

सर्वांत महत्त्वाचे पुढेच आहे. १९९० साली किंवा २००२ साली जी जाळी विशेष मानली जात होती, ती आज धावण्याच्या जवळपास प्रत्येक बुटाला असते. हरियाणातील बहादूरगड हे बिगर-चामडी पादत्राणांचे मोठे केंद्र आहे. तेथून येणाऱ्या हजार-दोन हजारांच्या बुटांनाही वर विणलेली जाळीच असते. म्हणजे ज्या गुणासाठी भाच्याला तो बूट हवा होता, तो गुण आता बाजारात स्वस्तात मिळतो. महाग आहे तो फक्त साचा आणि त्यावरचे नाव.

धावायचे असेल तर

काही तरुण म्हणतील, आम्हाला खरोखरच धावायचे आहे. त्यांच्यासाठी उत्तर आणखी सोपे आहे. बुटाचा प्राण त्याच्या मधल्या सोलात असतो. पाऊल आपटण्याचा दणका तोच सोसतो. या सोलाच्या फोममध्ये गेल्या दहा-पंधरा वर्षांत फार मोठा फरक पडला आहे. २०१३ साली आदिदासने फुगविलेल्या दाण्यांचा 'बूस्ट' फोम आणला. २०१७ साली नायकेने मॅरेथॉनसाठी अतिशय हलका आणि उसळी देणारा फोम बाजारात उतरविला आणि त्यानंतर सर्वच कंपन्या त्या मार्गाने गेल्या. जुन्या साच्याचा बूट या सर्वांच्या आधीचा. कंपन्या स्वतःच असे बूट बहुधा 'फॅशन' किंवा 'लाइफस्टाइल'च्या फळीवर मांडतात, धावण्याच्या नव्हे. दुकानात गेलात तर बूट कोणत्या फळीवर ठेवला आहे ते पाहा. निम्मे उत्तर तेथेच मिळेल.

याचा अर्थ जुना साचा वाईट असा नाही. चालणे, कामावर जाणे, मित्रांत मिरविणे यासाठी तो पुरेसा आहे. पण रोज पाच-सात किलोमीटर धावणाऱ्याने केवळ देखणा दिसतो म्हणून तो घेतला, तर गुडघे आणि टाचा पुढे हिशोब मागतील.

जुन्या साच्याचा नवा आणि खरोखरच जुना

येथे एक सावधगिरीची सूचना देणे आवश्यक आहे. बाजारात दोन प्रकारचे माल आहेत. एक, जुन्या साच्यावर आज तयार केलेला जोड. दुसरा, त्या काळातच तयार झालेला पण न वापरता डब्यात पडून राहिलेला जोड. दुसऱ्या प्रकाराला शौकीन लोक जास्त पैसे देतात. 'ओरिजिनल आहे, एकदाही घातलेला नाही' असे सांगून तो विकला जातो.

आमचा सल्ला असा की घालण्यासाठी तो जोड मुळीच घेऊ नये. पुष्कळ जुन्या बुटांचा मधला सोल पॉलियुरेथेनचा असतो. हा पदार्थ हवेतील ओलावा शोषतो आणि वर्षानुवर्षे आतल्या आत तुटत जातो. वरून तो चांगला दिसतो, पण घालून शंभर पावले टाकली की बिस्किटासारखा चुरा होतो. दुसऱ्या जातीचा फोम, ज्याला बाजारात ईव्हीए म्हणतात, तो असा चुरा होत नाही, पण काळाने कडक होतो. पेस्टिंगचा गोंदही सुकून सुटतो. आपल्या किनाऱ्यावरील दमट हवा या सर्वांना आणखी घाई करते. आम्हाला स्वतःला याचा एकदा अनुभव आला आहे. एका दुकानातून निम्म्या किमतीत 'जुना स्टॉक' म्हणून घेतलेला चकचकीत जोड घालून लग्नाला निघालो आणि स्टेशनच्या पुलावरच डाव्या पायाचा सोल मागे राहिला. दुकानदाराला तो जोड किती वर्षांचा आहे ते ठाऊक होते, पण त्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. चूक दोघांचीही, पण पैसे एकाचेच गेले.

म्हणून डब्यावरची चिठ्ठी वाचण्याची सवय लावावी. कायद्याप्रमाणे त्यावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. महिना-वर्ष चार-पाच वर्षांपूर्वीचे असेल तर कितीही सूट मिळाली तरी दोनदा विचार करावा. चिठ्ठीच नसेल तर विचारही करू नये.

रुपये-पैशांचा हिशोब

आता कागद-पेन्सिल घेऊ. समजा जोड दहा हजारांचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर जीएसटी ५ टक्के आणि त्यावरील किमतीच्या पादत्राणांवर १८ टक्के आहे. म्हणजे दहा हजारांच्या जोडात सुमारे १,५२५ रुपये केवळ कराचे. चोवीसशे रुपयांचा जोड घेतला तर त्यात कर सुमारे ११४ रुपये. महाग जोडावर नुसता जो कर भरावा लागतो, त्या रकमेत साधा जाळीचा एक जोड घरी येतो.

धावण्याचा बूट साधारणपणे ५०० ते ८०० किलोमीटर साथ देतो, असे मानले जाते. आपण ६०० धरू. दहा हजारांचा जोड किलोमीटरला सुमारे सोळा-सतरा रुपये पडला, चोवीसशेचा चार रुपये. स्वस्त जोड निम्मेच अंतर चालला तरी आठ रुपये. रोज पाच किलोमीटर, आठवड्यातून सहा दिवस धरले तर ६०० किलोमीटर वीस आठवड्यांत संपतात. भाच्याने पाच महिने बचत केली आणि जोडही साधारण पाच महिन्यांत झिजणार. म्हणजे तो आयुष्यभर बुटांसाठीच बचत करीत राहणार.

कोणी म्हणेल की महाग वस्तू टिकते. चामड्याच्या, शिवलेल्या सोलाच्या बुटाबाबत हे बरेचसे खरे आहे. त्याला नवा तळ ठोकता येतो, टाच बदलता येते. फोम आणि जाळीच्या बुटाबाबत खरे नाही. जाळी अंगठ्यापाशी फाटली आणि फोम बसला की मोचीदेखील हात जोडतो. येथे जास्त किंमत म्हणजे जास्त आयुष्य हे समीकरण लागू पडत नाही.

हप्त्यांचा मोह

दुकानात भाच्याला असेही सांगण्यात आले होते की पैसे साठेपर्यंत थांबण्याची गरज नाही. सहा हप्ते, तेही बिनव्याजी. वाचकहो, पैसे उशिरा घेणारा माणूस त्याची किंमत कोठेतरी धरतोच. कधी ती प्रक्रिया शुल्कात असते, कधी रोखीने मिळणारी सूट नाकारण्यात असते. २०१३ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना स्पष्ट बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच अस्तित्वात नसते आणि अशा योजनांत व्याजाची रक्कम बहुधा शुल्काच्या रूपाने लपविलेली असते. ज्यांना व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहायचे आहे त्यांनी 'बिनव्याजी' या शब्दावर न जाता करारातील प्रत्येक ओळ वाचावी. आणि ज्यांना तशी अडचण नाही, त्यांनीही हा विचार करावा की पाच महिन्यांत झिजणाऱ्या वस्तूचे सहा महिने हप्ते भरणे हा कोणता शहाणपणा?

'फर्स्ट कॉपी'चा मार्ग

दुसरा एक पर्याय मित्रमंडळी सुचवितात. हुबेहूब तसाच दिसणारा जोड पंधराशेत मिळतो, त्याला 'फर्स्ट कॉपी' म्हणतात. याबाबत आमचे मत स्पष्ट आहे. दुसऱ्याचे नाव चोरून विकलेला माल घेऊ नये आणि विकूही नये. व्यापारचिन्ह कायदा १९९९ प्रमाणे खोट्या चिन्हाचा माल विकणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. धाड पडते तेव्हा मोठा पुरवठादार क्वचितच सापडतो, पकडला जातो तो फूटपाथवरचा किंवा गल्लीतला लहान दुकानदार. शिवाय अशा मालाची तक्रार करायची कोणाकडे? खऱ्या मालात दोष निघाला तर पावती दाखवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तरी जाता येते. नकली जोडाची पावतीच नसते. त्यापेक्षा ज्याने स्वतःचे नाव छापून स्वस्त माल विकला, तो देशी कारखानदार शतपटीने बरा.

लहान दुकानदारांसाठी दोन शब्द

हे पान वाचणाऱ्यांत पादत्राणांचे दुकानदार पुष्कळ आहेत. त्यांच्यापुढे प्रश्न वेगळा आहे. असा माल ठेवावा का? आमचे मत असे की वस्तीतल्या लहान दुकानाने तो स्वतःच्या पैशाने भरू नये. एका रंगाचा साइजप्रमाणे बारा जोडांचा संच धरला आणि खरेदी जोडाला सहा हजार पडली, तर बहात्तर हजार रुपये अडकले. दोन रंग घेतले तर एक लाख चव्वेचाळीस हजार. मधल्या साइजचे जोड खपतात, सहा आणि अकरा नंबर पडून राहतात. फॅशनची लाट ओसरली की तेच जोड तुमचा नफा खातात. आणि वर सांगितल्याप्रमाणे फोमचा माल गोदामात पडल्या पडल्या म्हातारा होतो. तो तांदूळ नव्हे की जुना झाला की भाव वाढेल. गिऱ्हाइकाने मागितलाच तर आगाऊ रक्कम घेऊन मागवून द्यावा.

मात्र या लाटेतून शिकण्यासारखेही आहे. जुन्या वस्तूला नाव, गोष्ट आणि डबा दिला की ती सोन्याच्या भावाने विकली जाते, हे त्यांनी ओळखले. आपण ओळखले नाही. कोल्हापुरी चप्पल ही आपल्या हवेसाठीच तयार झालेली. पाय उघडा, हवा खेळती, चामडे पायाच्या आकारात बसणारे. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. तरी जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशीच चप्पल मांडली, तेव्हा प्रथम तिच्या मूळ गावाचा उल्लेखही केला नव्हता. ओरड झाल्यावर कंपनीने ते मान्य केले. आपल्या कारागिरांजवळ आठशे वर्षे नव्हे तरी कित्येक पिढ्यांचा 'रेट्रो' माल आहे. कमी आहे ती डब्याची, पावतीची आणि आपल्याच विश्वासाची.

शेवटी काय ठरले?

चार दिवसांनी भाचा आला. वरील सर्व गोष्टी आम्ही त्याला सांगितल्या. त्याने ऐकून घेतल्या आणि मग म्हणाला, "मामू, तुमचा हिशोब बरोबर आहे. पण तुम्ही लग्नासाठी आठ हजारांची शेरवानी शिवली होती ना? ती एकदाच घातली. तिचा रुपये-किलोमीटर हिशोब केला का?"

आम्ही निरुत्तर झालो, हे कबूल केले पाहिजे. माणूस केवळ गरजेपुरते जगत नाही. दिवसभर दुसऱ्यांची पार्सले जिने चढून पोचविणाऱ्या मुलाला एखादी वस्तू स्वतःसाठी घ्यावीशी वाटली, तर तिला सरसकट उधळपट्टी म्हणणे अन्यायाचे होईल. हौस ही गोष्ट खरी आहे. फक्त हौसेला हौसच म्हणावे, तिला गरजेचे नाव देऊ नये. 'पाय भाजतात म्हणून घेतो' असे म्हणून घेतलेला बूट पाय भाजण्यावरचा उपाय नाही. 'आवडला म्हणून घेतो' असे म्हणून घेतला तर तो प्रामाणिक व्यवहार आहे, आणि मग घरच्या इतर गरजा आधी भागल्या आहेत का, एवढाच प्रश्न उरतो.

तोच प्रश्न आम्ही त्याला विचारला. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "अब्बांचे बूट किती नंबरचे लागतात, तुम्हाला माहीत आहे?"

त्या रविवारी संध्याकाळी ते दोघे बापलेक दुकानात गेले. मधुमेहाच्या माणसाने बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. पुढे बोटांना मोकळी जागा असावी, आत शिवण टोचू नये आणि सोल असा असावा की खडा किंवा काच वर येणार नाही. अशा माणसाच्या पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. जखम झाली तरी त्याला कळत नाही, म्हणून सोलला झरोके असलेला बूट त्याच्यासाठी योग्य नव्हे. वडिलांसाठी अठ्ठावीसशेंचा जोड मिळाला. भाच्याने स्वतःसाठी साध्या जाळीचा देशी जोड बावीसशेंचा घेतला, आणि पातळ मोज्यांच्या चार जोड्या सहाशेंच्या. एकूण खर्च पाच हजार सहाशे. उरले चार हजार चारशे.

त्या उरलेल्या पैशांचे तो काय करणार, हे आम्ही विचारले नाही. कदाचित पुढच्या वर्षी हंगाम संपताना तोच रेट्रो जोड निम्म्या किमतीत फळीवर येईल आणि तो घेईल. घेतला तर आम्ही त्याला मुबारकबाद देऊ. लाट ओसरेपर्यंत थांबण्याची तयारी असणाऱ्या गिऱ्हाइकाला बाजार सहसा फसवू शकत नाही.

सारांश एवढाच. असा जोड धावण्यासाठी घेऊ नये. पावसाळी कामासाठी घेऊ नये. नाजूक पायाच्या माणसासाठी तर मुळीच घेऊ नये. कर्जाने घेऊ नये, नकली घेऊ नये, आणि डब्यावरचे वर्ष वाचल्याशिवाय घेऊ नये. एवढे सर्व सांभाळून, घरातल्या माणसांच्या पायात आधी काय आहे ते पाहून, मग आवडीसाठी घ्यावासा वाटला तर अवश्य घ्यावा. आणि घरी कोणापासून लपवावा लागणार नाही, अशा रीतीने घ्यावा.

मुंब्र्याहून बहिणीचा फोन आला होता. मेहुणे आता रोज सकाळी स्टेशनपर्यंत चालत जातात आणि परत येतात.